काळ्या ड्यूकच्या गावी

युरोपच्या प्रवासवर्णनांत ब्राउनश्वाइगचे नाव सहसा आढळत नाही. आपले प्रवासी लंडनला उतरतात, पॅरिस पाहतात, स्वित्झर्लंडला जाऊन बर्फाला हात लावून येतात, आणि जर्मनीच्या वाट्याला चार दिवस आलेच तर ते बर्लिन आणि ऱ्हाइन नदी या दोघांत वाटून टाकतात. हॅनोव्हरहून पूर्वेला साठेक किलोमीटरवर असलेल्या या शहरासाठी वाट वाकडी करावी असे तेथे काय आहे, असा प्रश्न जर्मन माणसालाही पडतो. मी तेथे गेलो तो भाच्यासाठी. तो तेथल्या तंत्रविद्यापीठात यंत्रशास्त्र शिकतो. उन्हाळ्याची सुट्टी होती, बहिणीने मेतकुटाचा नि लोणच्याचा डबा माझ्या हवाली केला होता, आणि जालन्याच्या उन्हातून कोठे तरी पळून जावे असे मलाही वाटत होते.

"मामा, दोन दिवसांत गाव बघून होईल. मग आपण बर्लिनला जाऊ," भाच्याने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले. प्रत्यक्षात मी तेथे बारा दिवस राहिलो आणि बर्लिनला गेलोच नाही. याला कारण झाला एक मेलेला माणूस. त्याला मरून दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तो फार मोठा राजा नव्हता. त्याचे राज्य आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान, आणि तेही त्याच्या हाती धडपणे दोन वर्षे राहिले नाही. तो सेनापती होता, पण इतिहास बदलून टाकणारी एकही लढाई त्याने जिंकली नाही. तरीही त्या गावात फिरताना त्याला चुकवून पुढे जाता येत नाही.

गाव मोठे देखणे आहे. ओकर नावाची लहानशी नदी दोन फाटे करून जुन्या शहराला वेढा घालते. पूर्वी या वेढ्याच्या आत तट होता. तो पाडून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बागा नि रुंद रस्ते केले. मध्यभागी किल्ल्याचा चौक आहे आणि त्यात उंच चौथऱ्यावर काशाचा सिंह जबडा उघडून उभा आहे. हाइनरिख नावाच्या पराक्रमी ड्यूकने तो ११६६ च्या सुमारास उभारला. या हाइनरिखला लोक 'सिंह' म्हणत, म्हणून सिंह. अस्सल मूर्ती आता शेजारच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे, चौकातली तिची प्रतिकृती आहे. सभोवारच्या लाकडी चौकटींच्या घरांकडे पाहून आपण मध्ययुगात आलो असे क्षणभर वाटते. पण क्षणभरच. १५ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री इंग्रजी विमानांनी या शहरावर आगीचा पाऊस पाडला, आणि जुन्या गावाचा बहुतेक सगळा भाग राख होऊन गेला. आज जे जुने दिसते त्यातले पुष्कळसे वाचवलेले तरी आहे किंवा पुन्हा उभारलेले तरी.

याचा सर्वांत मासलेवाईक नमुना म्हणजे राजवाडा. दुरून पाहावे तर खांबांची भव्य रांग, वर चार घोड्यांचा रथ हाकणारी नगरदेवता, समोर विस्तीर्ण पटांगण! मोठ्या आदराने आपण दरवाजातून आत पाऊल टाकतो, आणि आत काय? जोड्यांची दुकाने, अत्तरांची दुकाने, सरकते जिने आणि आईस्क्रीमसाठी रांगेत उभी असलेली पोरे. युद्धात मोडकळीला आलेला खरा राजवाडा १९६० मध्ये पाडला गेला. गावातल्या अनेकांना ते फार लागले होते. पुढे २००७ मध्ये त्याच जागी दर्शनी भाग हुबेहूब पूर्वीसारखा बांधला आणि त्याच्या पाठीशी बाजार थाटला. वाचनालयासारख्या काही चांगल्या गोष्टीही त्यात आहेत, नाही असे नाही. पण ड्यूकच्या दिवाणखान्यामागे पायमोजे विकत घेताना जरा चमत्कारिक वाटतेच.

या राजवाड्यापुढे दोन घोडेस्वार आहेत. तांब्याचे पत्रे ठोकून घडवलेले हे पुतळे १८७४ मध्ये येथे बसवले. एक बाप आहे, एक मुलगा. बापाचे नाव कार्ल विल्हेल्म फेर्डिनांड. मुलाचे फ्रीडरिख विल्हेल्म. दोघेही ब्राउनश्वाइगचे ड्यूक, दोघेही प्रशियाच्या सेनेत नावारूपाला आलेले, आणि दोघेही नेपोलियनशी लढताना पडलेले. मुलाला लोक आजही 'काळा ड्यूक' म्हणतात.

बापाची हकीगत आधी सांगितली पाहिजे, नाहीतर मुलाचा काळा रंग समजणार नाही. कार्ल विल्हेल्म फेर्डिनांड हा त्या काळच्या मानाने सुधारलेला राजा. त्याच्या बापाच्या कारकिर्दीत या घराण्याने एक फार वाईट व्यवहार केला होता. अमेरिकेतल्या बंडखोरांशी लढायला इंग्लंडला शिपाई हवे होते. तिजोरीत खडखडाट असलेल्या ब्राउनश्वाइगने १७७६ मध्ये करार करून आपले शिपाई भाड्याने दिले. पाच हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली निम्मीही घरी परतली नाहीत. काही मेली, काही तिकडेच राहिली. कार्ल विल्हेल्म फेर्डिनांड गादीवर आला तो या कर्जाच्या डोंगरावर, आणि काटकसर करून त्याने तो डोंगर उतरवला. गावातल्या एका गरीब घरातला गणितात विलक्षण हुशार मुलगा त्याच्या कानावर आला, तेव्हा त्याला त्याने विद्यावेतन दिले. तो मुलगा म्हणजे गाउस, जगातल्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञांपैकी एक. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला अंकगणितावरचा महाग्रंथ गाउसने या ड्यूकलाच अर्पण केला आहे. मास्तरकी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या पुतळ्याकडे पाहताना तलवारीपेक्षा या विद्यावेतनाचीच आठवण अधिक झाली.

परंतु राजाला इतिहास विद्यावेतनावर सोडत नाही. १८०६ मध्ये प्रशियाने नेपोलियनशी युद्ध पुकारले आणि सरसेनापतिपद या एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडले. १४ ऑक्टोबरला आउअरश्टेटच्या रणांगणावर एक गोळी त्याच्या चेहऱ्यात शिरली आणि दोन्ही डोळे गेले. आंधळ्या, रक्ताळलेल्या ड्यूकला पालखीसारख्या डोलीतून माणसांनी आधी घरी आणले. पण फ्रेंच फौजा मागोमाग येत होत्या आणि नेपोलियन दया दाखवायला तयार नव्हता. म्हणून डोली पुन्हा उचलली ती उत्तरेकडे, हॅम्बुर्गजवळच्या ओटेन्सेनला. तो मुलूख तेव्हा डेन्मार्कचा, म्हणजे तटस्थ. तेथे १० नोव्हेंबरला त्याने प्राण सोडला. घरी मरण्याची मुभा त्याला मिळाली नाही.

राज्य गेले. १८०७ मध्ये नेपोलियनने आसपासचे प्रांत एकत्र करून वेस्टफालिया नावाचे नवे राज्य निर्माण केले नि आपला धाकटा भाऊ जेरोम याला कासेलच्या गादीवर बसवले. ब्राउनश्वाइग त्यातला एक तुकडा झाला.

आता मुलगा. फ्रीडरिख विल्हेल्मचा जन्म ९ ऑक्टोबर १७७१ चा. भावांत तो चौथा, तेव्हा गादी आपल्याकडे येईल असे त्याच्या स्वप्नातही नव्हते. पण थोरला भाऊ १८०६ च्या सप्टेंबरात वारला, मधले दोघे राज्य करण्यास असमर्थ होते. चौथ्याकडे वारसा आला, आणि महिन्याभरातच वारशाने यायचे राज्यच नाहीसे झाले. प्रशियाच्या पराभवात तो स्वतः कैद झाला. सुटून आला तर बाप गेलेला. १८०८ च्या एप्रिलमध्ये त्याची पंचवीस वर्षांची बायको बाळंतपणात गेली, मूलही वाचले नाही. पदरी दोन लहान मुलगे, जवळ दूरच्या सायलेसियातली ओएल्सची एक जहागीर, आणि मनात एकच गोष्ट. ती गोष्ट कोणती हे सांगायला नकोच.

१८०९ मध्ये ऑस्ट्रिया नेपोलियनवर उठला, तेव्हा फ्रीडरिख विल्हेल्मने ओएल्सवर कर्ज काढले आणि त्या पैशातून बोहेमियातल्या नाखोद गावी स्वतःची फौज उभी केली. तिचा पोशाख आपादमस्तक काळा. टोपीवर चांदीसारखी चमकणारी माणसाची कवटी. कोणी म्हणतात हा रंग बापाच्या सुतकाचा, कोणी म्हणतात गेलेल्या देशाच्या. काही असो, हजार-दोन हजार माणसे असा पोशाख करून रस्त्याने चालली तर पाहणाऱ्याच्या पोटात गोळा उठलाच पाहिजे, आणि तोच हेतू होता. पुढे इंग्लंडातल्या चित्रकारांनाही या पोशाखाने भूल घातली. मिले या प्रसिद्ध चित्रकाराने १८६० मध्ये काळ्या पोशाखातला शिपाई प्रेयसीचा निरोप घेतो आहे असे चित्र काढले, आणि त्यातल्या मुलीसाठी त्याच्यापुढे उभी राहिली ती कादंबरीकार डिकन्सची मुलगी.

जुलैमध्ये वाग्रामच्या लढाईत ऑस्ट्रिया हरला आणि त्याने तह मागितला. तहाच्या बातमीने ऑस्ट्रियाच्या आश्रयाने लढणाऱ्या प्रत्येकाला हत्यार खाली ठेवणे भाग होते. ड्यूकने सांगितले, मी ऑस्ट्रियाचा नोकर नाही. मी स्वतंत्र राजा आहे, माझे युद्ध संपलेले नाही. सॅक्सनीतल्या त्स्विकाउ गावी त्याने आपल्या लोकांपुढे बेत मांडला. चहूकडे शत्रू असलेल्या जर्मनीच्या मधून उत्तरेला समुद्र गाठायचा आणि इंग्रजांच्या जहाजांवर चढायचे. ज्याला हे वेड वाटेल त्याने येथूनच परत जावे. काही अधिकारी गेले. दोनेक हजार माणसे राहिली.

वाचकहो, येथपासून पुढले चौदा दिवस म्हणजे या माणसाचे खरे आयुष्य. २९ जुलैला हाल्बरश्टाट गावाची वेस फोडून त्याने जेरोमची एक अख्खी पलटण कैद केली. ३१ जुलैला काळी फौज ब्राउनश्वाइगला आली. तीन वर्षांनी ड्यूक आपल्या गावात पाय ठेवीत होता. बापाचा राजवाडा समोर होता. पण तो त्यात झोपला नाही. तटाजवळ आपल्या शिपायांबरोबर पेंढ्यावर त्याने रात्र काढली. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, गावाच्या वायव्येला एल्पर नावाच्या खेड्यापाशी रॉयबेल या सेनापतीच्या दुपटीहून मोठ्या फौजेने त्याची वाट अडवली. लढाईत ड्यूकच्या मांडीखालचा घोडा पडला. संध्याकाळपर्यंत कोणीच जिंकले नाही, पण रॉयबेल मागे सरला आणि वाट मोकळी झाली. मागच्या तुकडीने ब्रेमेनकडे वळल्याचे सोंग करून पाठलाग करणाऱ्यांना चकवले, आणि ६ व ७ ऑगस्टला काळी फौज वेझर नदीच्या काठी एल्सफ्लेट नि ब्राके येथे मिळतील ती गलबते ताब्यात घेऊन समुद्राकडे निसटली. हेल्गोलंड बेट इंग्रजांच्या हाती होते. तेथून इंग्लंड.

हे सारे मी भाच्याच्या घरमालकीणबाईंकडून अर्धेमुर्धे ऐकले, अर्धेमुर्धे वाचले. बाई ऐंशीच्या घरातल्या. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, त्यामुळे आमचे गोत्र लगेच जुळले. त्यांचे इंग्रजी चांगले होते. अडेल तेथे भाचा मध्ये पडे. ड्यूक पेंढ्यावर झोपल्याची हकीगत मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगू लागलो, तशी त्या म्हणाल्या, "ही गोष्ट मी चाळीस वर्षं मुलांना सांगितली, प्रोफेसर. एकदा एका मुलीनं विचारलं, ड्यूक सकाळी उठून गेला; मग त्याला पेंढा कुणी दिला होता, त्यांचं काय झालं?"

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारले.

"काय सांगणार? पुस्तकात ड्यूकचा पुढचा प्रवास होता, पेंढा देणाऱ्याचा नव्हता. तुम्ही उद्या शिलश्ट्रासेवर जाऊन या. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. शहराच्या पूर्वेला, स्टेशनापासून फार दूर नाही, अशी ती जागा आहे. शिल हा प्रशियाचा एक मेजर. त्याच १८०९ साली, ड्यूकच्या थोडे आधी, कोणाच्याही आज्ञेविना आपली पलटण घेऊन तो फ्रेंचांवर उठला होता. ३१ मेला बाल्टिकच्या काठी श्ट्रालझुंडच्या गल्ल्यांत तो मारला गेला. त्याच्या पकडलेल्या लोकांपैकी चौदा जणांना ब्राउनश्वाइगला आणून जुलैमध्ये गोळ्या घातल्या. महिना पाहा. काळी फौज गावात आली ती या गोळ्यांचा आवाज विरून दहाबारा दिवस झाले नव्हते तोच. त्या रात्री ज्यांनी ड्यूकच्या शिपायांना भाकरी दिली, बिअर पाजली, त्यांना आपण काय करतो आहोत आणि उद्या कोण परत येणार आहे हे पुरते ठाऊक होते. बाईंच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न मला तेथे नीट कळला.

१८३७ मध्ये त्या चौदा जणांचे स्मारक येथे झाले, आणि हॉलंडमध्ये काचेच्या बरणीत ठेवलेले शिलचे मस्तकही आणून येथे पुरले. पण गोष्ट येथे संपत नाही. याच रस्त्यावर १९४४ मध्ये नाझींनी छळछावणीची एक शाखा उघडली. आउश्विट्झहून निवडून आणलेल्या ज्यू कैद्यांना येथे कोंबले होते, आणि गावातल्या मालमोटारींच्या कारखान्यात मरेपर्यंत राबवले जात होते. आज देशभक्तांचे स्मारक नि छावणीचे स्मारक अशी दोन्ही एकाच जागी आहेत. भिंतीवरच्या पाट्यांत गावातल्या लोकांच्या आठवणी लिहिल्या आहेत. मी बराच वेळ तेथे उभा होतो. शेजारून मोटारी जात होत्या.

संध्याकाळी बाईंनी चहा पुढे ठेवला. मी काही बोलेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "हिटलर ऑस्ट्रियाचा, हे तुम्हाला माहीत आहे. जर्मनीत निवडणुकीला उभं राहायचं तर नागरिकत्व पाहिजे. ते त्याला १९३२ साली कुणी दिलं? आमच्या ब्राउनश्वाइगनं. सरकारी नोकर म्हणून कागदोपत्री नेमणूक केली आणि झाला तो जर्मन. त्याच्या काळ्या पोशाखवाल्यांच्या टोपीवर काय होतं?"

मी म्हणालो, "कवटी."

"कवटी," त्या म्हणाल्या. "ती जुनीच, प्रशियाच्या घोडेस्वारांपासूनची. काळ्या ड्यूकचा यात दोष नाही. पण माझे वडील ड्यूकचं चित्र मोठ्या अभिमानानं भिंतीवर लावत, आणि लढाईनंतर आईनं ते उतरवलं. तिला ती टोपी बघवेना."

इतिहासाच्या शिक्षिकेशी वाद घालणे सोपे नसते. तरी मी ड्यूकच्या बाजूने बोललो. परक्याने बळकावलेले घर परत मागणाऱ्या माणसाची टोपी कोणी सव्वाशे वर्षांनी चोरली, तर त्याचा गुन्हा त्याच्या माथी का मारावा? बाई हसल्या नि म्हणाल्या, "जेरोमच्या राज्यात ज्यूंना पहिल्यांदा बरोबरीचे हक्क मिळाले होते. १८१३ नंतर ड्यूक परत आला, तसे जुने कायदेही परत आले. घर परत मिळालं, पण सगळ्यांना नाही." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते शोधण्याची घाई मी केली नाही. जेरोमच्या त्याच राज्याने तरुणांना धरून पलटणीत भरले आणि करांखाली रयतेला वाकवले, हेही खरेच आहे. दोन्ही खरे असलेल्या गोष्टी एकाच माणसाच्या पदरात पडतात, तेव्हा त्याचे चरित्र लिहिणे कठीण होते आणि पुतळा उभारणे सोपे होते.

पुढच्या रविवारी भाच्याने मला गाडीतून एल्सफ्लेटला नेले. हुंटे नदी वेझरला मिळते तेथले हे लहानसे गाव. सपाट हिरवे रान, बंधाऱ्यावर चरणारी मेंढरे, आणि पलीकडे नदीतून संथ चाललेल्या बोटी. समुद्राचा खारट वास वाऱ्याबरोबर येथपर्यंत येतो. त्स्विकाउहून येथवर साडेचारशे किलोमीटर तरी होतील. मी बंधाऱ्यावर बसून विचार करीत होतो की त्या दोन हजारांत असे किती असतील, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता! डोंगरी मुलखातले विणकर, शेतकऱ्यांची पोरे. पाय फुटलेले, मागे घोडदळ लागलेले, आणि पुढे हे एवढे पाणी. त्यांना वाचल्याचा आनंद झाला असेल, की आपण आता घरी केव्हा जाणार या विचाराने गळा दाटला असेल?

पुष्कळसे गेलेच नाहीत. इंग्लंडने काळ्या फौजेला पगारावर घेतले आणि स्पेन-पोर्तुगालच्या रणांगणावर पाठवले. जुने लोक कामी येऊ लागले तशा रिकाम्या जागा इंग्लंडातल्या युद्धकैद्यांतून भरल्या. पोल, क्रोएट, इटालियन, मिळेल तो. कैदेपेक्षा पलटण बरी म्हणून आलेली ही माणसे संधी मिळताच पळून जात, आणि इंग्रज सेनेत काळ्या पोशाखाला पळपुटेपणाबद्दल कुप्रसिद्धी मिळाली. चौदा दिवसांच्या त्या कूचाशी याची सांगड घालताना जड जाते. पण पोशाख तोच राहिला नि आतला माणूस बदलला, एवढाच त्याचा अर्थ.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१३ च्या डिसेंबरात ड्यूक ब्राउनश्वाइगला परतला. दीड वर्ष राज्य केले, त्यातही त्याचे मन फौजेत. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून सुटून आला, तेव्हा त्या चिमुकल्या राज्याने सुमारे सात हजार माणसे बेल्जमला पाठवली. बहुतेक कोवळी पोरे.

आणि येथे या परक्या कथेत आमच्या जालना जिल्ह्याची एक वाट येऊन मिळते. बेल्जममधल्या त्या दोस्त सेनेचा सरसेनापती होता वेलिंग्टन. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या सेनेचा पराभव केला. असईची लढाई आम्ही शाळेत इंग्रज विरुद्ध मराठे अशी शिकतो. पण त्या दिवशी शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती होता पोलमन, आणि तो मूळचा हॅनोव्हरचा, म्हणजे ब्राउनश्वाइगच्या शेजारच्याच राज्यातला. कंपनी सरकारच्या हॅनोव्हरी पलटणीतून तो मराठ्यांच्या चाकरीला आला होता. म्हणजे बारा वर्षांपूर्वी वेलिंग्टन आमच्या शिवारात जर्मनाने घडवलेल्या मराठी पलटणींशी लढला आणि आता तो जर्मन पलटणी हाताशी घेऊन फ्रेंचांशी लढत होता. भाड्याने गेलेला जर्मन शिपाई अमेरिकेत, स्पेनमध्ये आणि भोकरदनच्या नदीकाठी सारखाच मरत होता. हे मी बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या नकाशात भारत शोधला आणि असई कोठे आहे ते मला पेन्सिलीने खूण करून दाखवायला लावले.

१५ जूनच्या रात्री ब्रसेल्समध्ये रिचमंडच्या डचेसकडे मेजवानी आणि नाच होता. ड्यूक तेथे होता. नाच चालू असतानाच शत्रू जवळ आल्याची बातमी आली, आणि मंडळी नाचाच्या पोशाखातच रणांगणाकडे निघाली. दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, कात्र ब्रा या चौरस्त्यावर गाठ पडली. फ्रेंच तोफा काळ्या पलटणींवर आग ओकत होत्या आणि त्यांच्याजवळ उत्तर द्यायला तोफा नव्हत्या. पोरे चुळबुळू लागली. तेव्हा ड्यूकने चिलीम पेटवली आणि रांगेसमोर स्वस्थपणे धूर सोडीत राहिला. पुढे फळी मोडू लागली तेव्हा ती सावरताना बंदुकीची गोळी त्याच्या हातातून पोटात शिरली. शिपायांनी त्याला बंदुकांवर आडवे घालून मागे नेले. थोड्याच वेळात तो गेला. वय त्रेचाळीस. माझ्या वयाच्या आसपासचेच. दोन दिवसांनी वॉटर्लू झाले. नेपोलियन कायमचा पडला, पण ते पाहायला तो नव्हता.

त्याच्या दोन मुलांची गोष्ट थोडक्यात सांगतो. थोरला कार्ल गादीवर बसला. त्याच्या दरबारी रंगमंचावर १८२९ मध्ये गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला जाहीर प्रयोग झाला, हे त्याचे पुण्य. पण राज्यकारभार असा केला की १८३० च्या सप्टेंबरात लोकांनी राजवाडाच पेटवला आणि तो पळाला. बापाच्या नावाने रात्र जागवणाऱ्या गावाने मुलाला पंधरा वर्षांत हाकलले. पुढे तो पॅरिसमध्ये हिरे जमवीत राहिला. बुद्धिबळाच्या शौकिनांना तो वेगळ्याच कारणाने ठाऊक असेल. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मॉर्फीने एका ड्यूकला नि एका काउंटला सतरा चालींत मात केली, तो सुप्रसिद्ध डाव हरणारा ड्यूक हाच! मरताना त्याने सगळी संपत्ती जिनीव्हा शहराला दिली, अट एवढीच की आपली मोठी समाधी बांधावी. सरोवराकाठी ती आजही आहे आणि आपले प्रवासी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. धाकटा विल्हेल्म शांतपणे राज्य करून १८८४ मध्ये वारसावाचून मेला, आणि घराण्याची ही शाखा संपली.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी सिंहाशेजारच्या कॅथीड्रलच्या तळघरात उतरलो. वर सिंह हाइनरिख आणि त्याची राणी दगडात शेजारी शेजारी निजली आहेत. खाली घराण्याच्या शवपेट्या आहेत. काळा ड्यूक १८१५ च्या जुलैतच येथे आला. त्याची बहीण कॅरोलिन, इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जची टाकलेली राणी, १८२१ मध्ये आली. नवऱ्याच्या राज्यारोहणाला तिला दारातून परत लावले होते. काही आठवड्यांतच ती वारली, आणि मला माहेरी पुरा, पेटीवर माझ्यावर अन्याय झाला असे लिहा, असे सांगून गेली. माहेराने तिला जागा दिली.

आणि आंधळा होऊन परमुलखात मेलेला तो बाप? त्याला तेरा वर्षे ओटेन्सेनमध्येच ठेवले होते. १८१९ मध्ये त्याला आणले. म्हणजे मुलगा आधी घरी पोचला, बाप चार वर्षांनी, लेक त्याच्यानंतर दोन वर्षांनी. या तिघांपैकी कोणालाही या गावात मरण आले नव्हते.

तळघरात थंडी होती. शाळेतल्या मुलांचा एक घोळका जिना उतरून आला. त्यांची बाई हळू आवाजात काही सांगू लागली, आणि एका मुलाने हात वर केला. त्याचा प्रश्न मला जर्मन येत नसल्यामुळे कळला नाही. बाई मात्र उत्तर देण्यापूर्वी थोडी थांबली.